जुन्या चित्रपटाच्या नावापुढे मिनिटं छापा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

‘पाहायलाच हवेत असे जुने चित्रपट’ अशा याद्या रविवारच्या पुरवण्यांतून आता नेमाने येतात. त्या कापून ठेवून शनिवारी रात्री कुणाच्या तरी घरी जमणारे मित्रांचे गटही ठिकठिकाणी आहेत. एक दशक घ्यायचं, त्यातला एक मान्यवर चित्रपट आणि एक ‘कल्ट’ म्हणवला जाणारा पाहायचा, मग पुढच्या दशकाकडे वळायचं. पद्धत चांगली आहे, खोट यादीत आहे. यादीत चित्रपटाचं नाव असतं, नटनट्या असतात, फार तर कुठल्या ओटीटीवर मिळेल ते असतं. तेवढ्यावर विसंबून गट हाताला येईल ती प्रत लावतो आणि ‘जुना होता, संथ होता’ असा शेरा मारून उठतो. बऱ्याचदा दोष चित्रपटाचा नसून प्रतीचा किंवा टीव्हीच्या सेटिंगचा असतो. आमची विनंती अशी की नावापुढे वर्ष, भाषा, दिग्दर्शक, मिनिटांत लांबी आणि चौकटीचं प्रमाण (चित्र उंचीच्या किती पट रुंद आहे ते) हे पाच तपशील छापावेत.

यात सगळ्यात कामाची मिनिटं. जुन्या चित्रपटाची लांबी म्हणजे त्या प्रतीचं ओळखपत्र. कुरोसावांचा ‘सेव्हन सामुराय’ (१९५४) मुळात २०७ मिनिटांचा, पण परदेशांत तो कापून पावणेतीन तासांच्या आत आणला गेला आणि ती कापलेली प्रतही फिरत राहिली. फ्रिट्झ लांगचा ‘मेट्रोपोलिस’ (१९२७) ऐंशी वर्षं तुकड्यातुकड्यांत पाहिला गेला. २००८ मध्ये ब्युनॉस आयर्सला १६ मिलिमीटरची एक जवळजवळ पूर्ण प्रत सापडली आणि २०१० मध्ये सुमारे अडीच तासांची आवृत्ती तयार झाली. आजही दीड तासाची प्रत लावून ‘कथा काही जुळत नाही’ म्हणणारे भेटतात. जुळेल कशी?

काही चित्रपटांत नुसत्या मिनिटांनी भागत नाही, आवृत्तीही सांगावी लागते. ‘ब्लेड रनर’च्या १९८२ च्या अमेरिकी आवृत्तीत नायकाचं निवेदन आणि गोड शेवट आहे, २००७ च्या शेवटच्या आवृत्तीत दोन्ही नाहीत. ‘शोले’चे (१९७५) शेवट दोन आहेत: सेन्सॉरमुळे बदललेला, पोलीस येतात तो, आणि मूळचा, ठाकूर गब्बरला संपवतो तो. ‘मुगल-ए-आझम’ १९६० चा पाहायचा की २००४ मध्ये रंगवलेला, हेही आधी ठरवायला हवं. मूळ चित्रपट बराचसा कृष्णधवल आहे आणि रंग मोजक्या रिळांत येतात. शीशमहालातला रंग डोळ्यांवर येतो तो त्याआधीच्या काळ्यापांढऱ्यामुळे. सगळंच रंगवलं की तो धक्का गेला.

मिनिटं कमी दिसली म्हणजे प्रत कापलेलीच असते असंही नाही. दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ (१९३६) १३१ मिनिटांचा. प्रत १२६ मिनिटांची निघाली तर बहुधा एकही दृश्य गेलेलं नसतं. चित्रपट वेगाने पळत असतो. बोलपट सेकंदाला २४ चौकटींनी, म्हणजे २४ चित्रांनी चालतो, व्हिडिओच्या काही प्रती मात्र २५ चौकटींच्या हिशेबाने केलेल्या असतात. वेग चार टक्क्यांनी वाढतो. डोळ्यांना ते कळत नाही, कानांना कळतं. अशा प्रतीत आवाजाची पट्टी अर्ध्या स्वराहून थोडी कमी चढते. काळी एकमधला अभंग पांढरी दोनच्या आसपास जातो आणि तुकाराम झालेल्या पागनीसांचा आवाज उगाच पातळ वाटतो. उपाय सोपा आहे. संगणकावरच्या प्लेअरमध्ये वेग ०.९६ ठेवायचा. पण बऱ्याच प्लेअरमध्ये ‘वेग बदलला तरी पट्टी कायम’ ही सोय आपोआप चालू असते. ती बंद केली नाही तर चित्र मूळ वेगावर येतं आणि आवाज तसाच चढा राहतो.

सबटायटलची फाइल वेगळी उतरवून घेतली की याच फरकाचा फटका बसतो. चित्रपट २४ चा आणि फाइल २५ ची असेल तर सुरुवातीला सगळं नीट जुळतं आणि तासाभरात अक्षरं जवळजवळ अडीच मिनिटं पुढे गेलेली असतात. तेव्हा ती मागेपुढे सरकवून उपयोग नाही, पाच मिनिटांनी पुन्हा सुटतात. सबटायटलचाच वेग बदलावा लागतो. चित्रपटाच्या शेवटाजवळचा एखादा संवाद आधी तपासून पाहिला की हा घोळ पाहुणे येण्यापूर्वीच कळतो. देवनागरी सबटायटलच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसली तर फाइल ‘यूटीएफ-८’ मध्ये पुन्हा साठवावी.

भाषा छापा म्हणण्याचं कारण प्रभात फिल्म कंपनी. ‘कुंकू’ (१९३७) आणि ‘दुनिया ना माने’, ‘माणूस’ (१९३९) आणि ‘आदमी’, ‘शेजारी’ (१९४१) आणि ‘पडोसी’ ही जुळी भावंडं आहेत, पण एकाचं दुसरं डबिंग नव्हे; दोन्ही भाषांत वेगवेगळं चित्रण झालेलं आहे. मराठी पाहायचा म्हणून बसलेला गट शोधात हिंदी प्रत वर आली की तीच लावतो. ‘शेजारी’च्या बाबतीत तर दोन्ही पाहाव्यात, शक्य तर लागोपाठच्या शनिवारी. मराठीत जिवबा केशवराव दाते आणि मिर्झा गजानन जागीरदार. हिंदीत मिर्झा जागीरदारच, पण हिंदू शेजारी मझहर खान. हिंदू नट मुसलमान झाला आहे आणि मुसलमान नट हिंदू. व्ही. शांताराम यांनी १९४१ साली काय साधलं, हे दोन्ही प्रती पाहिल्यावर जास्त उमजतं.

आता चौकट. सगळ्यात जास्त नासाडी इथेच होते. १९३२ पासून १९५० च्या दशकापर्यंतच्या बहुतेक बोलपटांची चौकट उंचीच्या १.३७ पट रुंद आहे. आजचा टीव्ही १.७८ पट रुंद. म्हणजे ‘कुंकू’ नीट लावला तर दोन्ही बाजूंना मिळून पडद्याचा सुमारे २३ टक्के भाग काळा राहणारच. हा काळा भाग पाहवत नाही म्हणून कुणीतरी रिमोट उचलतो. ‘स्ट्रेच’ केलं तर माणसं तीस टक्के रुंद होतात. शांता आपटे ओळखू येत नाहीत. ‘झूम’ केलं तर उंचीचा जवळजवळ पाव हिस्सा कापला जातो, वरून पागोटी आणि खालून हात. काही चॅनेल आणि अपलोड करणारे हे आधीच करून ठेवतात, तेव्हा रिमोटने काही दुरुस्त होत नाही. दुसरी प्रत शोधावी. ओळखायची खूण साधी: थाळी, गाडीचं चाक, घड्याळाची तबकडी गोल दिसते का पाहायचं. अंडाकृती दिसली की ताणलेलं आहे. गोल असूनही सतत कपाळं कापलेली दिसत असतील तर झूम आहे.

सिनेमास्कोपचं, म्हणजे खूप रुंद चौकटीच्या चित्रपटांचं, बरोबर उलट. गुरुदत्त यांचा ‘कागज़ के फूल’ (१९५९) हा भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट, चौकट २.३५. टीव्हीवर तो वर-खाली काळ्या पट्ट्यांनिशी दिसतो आणि तसाच दिसायला हवा. पट्ट्या घालवायला झूम केलं की दोन्ही कडांचा सुमारे आठवा-आठवा हिस्सा जातो. छायालेखक व्ही. के. मूर्तींनी रिकाम्या स्टुडिओत उजेडाचा झोत टाकून माणसाला एका कडेला एकटं उभं केलं आहे, त्यातली कडच गेली तर उरलं काय? टीव्हीवर चित्र न ताणता, न कापता दाखवणाऱ्या सेटिंगला ‘ओरिजिनल’, ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ अशी नावं असतात. एकदा लावून रिमोट लपवून ठेवावा.

त्याच रिमोटवर दुसरा शत्रू आहे. नव्या टीव्हीत दोन चौकटींच्या मध्ये स्वतःच्या कल्पनेने आणखी चौकटी भरण्याची सोय असते: एलजीमध्ये ट्रूमोशन, सोनीमध्ये मोशनफ्लो, सॅमसंगमध्ये ऑटो मोशन प्लस. क्रिकेटला ती ठीक. चित्रपटाला लावली की ‘सिंहासन’सुद्धा रोजच्या मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो. ती बंद करावी आणि चित्राचा प्रकार ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ ठेवावा. ‘नॉइज रिडक्शन’ही बंद, ते फिल्मचे कण पुसताना चेहऱ्यावरच्या सुरकुत्याही पुसतं.

मूकपटांना वेगळी काळजी लागते. ते बरेचदा सेकंदाला १६ ते २० चौकटींच्या आसपास चित्रित झाले. २४ ने चालवले की माणसं मुंग्यांसारखी धावतात आणि पाहणाऱ्याला वाटतं, तेव्हाचा अभिनयच तसा! १८ चा चित्रपट २४ ने पळत असेल तर प्लेअरचा वेग ०.७५ करावा. नव्या जीर्णोद्धार केलेल्या प्रती मुळात दुरुस्त असतात, तेव्हा आधी पाणी पडताना किंवा माणूस जिना उतरताना पाहून ठरवावं. फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’ (१९१९) त्यासाठी उत्तम. कृष्ण झालेल्या मंदाकिनी फाळके वेग बरोबर असला की खऱ्या मुलासारख्या खोडकर दिसतात. अपलोडवर चिकटवलेलं संगीत भलतंच असेल तर आवाज बंद करावा. मूकपट रंगानेही बिघडतो. ‘नोस्फेरातू’ची (१९२२) रात्र दिवसाच चित्रित केली होती आणि प्रतीला निळा रंग देऊन ती रात्र केली होती. रंग नसलेली काळीपांढरी प्रत लावली तर सूर्यप्रकाशाला घाबरणारा पिशाच्च भर उन्हात शवपेटी काखेत मारून फिरताना दिसतो आणि सगळे हसतात.

आवाजाचं थोडक्यात. जुन्या बोलपटाचा आवाज ‘मोनो’, म्हणजे एकपदरी आहे, त्याला ‘सराउंड’ लावू नये. संवाद खोलीभर पसरतात आणि कळेनासे होतात. खरखर फार असेल तर ट्रेबल किंचित उतरवावा, फार नाही. ‘कुंकू’मध्ये पार्श्वसंगीत नाही, जे ऐकू येतं ते त्या घरातलं आणि रस्त्यावरचं. तिथे पंखा घरघरत असेल तर अर्धा चित्रपट गेला.

प्रोजेक्टर असेल तर अंतर आधी मोजावं. १.५ थ्रोच्या (चित्राच्या रुंदीच्या दीडपट अंतर लागणाऱ्या) यंत्राला शंभर इंची चित्रासाठी, म्हणजे साधारण २२१ सेंटिमीटर रुंदीसाठी, ११ फूट लागतात. पडदा म्हणून चादर एकेरी लावली की बराच उजेड पलीकडे जातो, मागे जाड कापड हवं. यंत्र तिरकं ठेवून ‘कीस्टोन’ने चित्र सरळ करण्यापेक्षा खाली पुस्तकं ठेवून ते समोरासमोर आणावं, चित्राची धार टिकते.

याद्यांत आणखी एक गंमत असते: जो पाहताच येणार नाही असा चित्रपट. ‘आलम आरा’ची (१९३१) एकही प्रत शिल्लक नसताना तो ‘जरूर पाहा’मध्ये दिसतो. ‘राजा हरिश्चंद्र’ची (१९१३) चारपैकी पहिली आणि शेवटची एवढीच रिळं आहेत, आणि तीही १९१७ च्या पुनर्चित्रणाची असावीत, असं काही अभ्यासकांचं मत आहे. जुनी फिल्म नायट्रेटची, पटकन पेट घेणारी. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट साठ्याला २००३ मध्ये आग लागली. ‘पथेर पांचाली’ची निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या प्रयोगशाळेतल्या आगीत होरपळली, आज दिसते ती स्वच्छ प्रत २०१५ च्या जीर्णोद्धाराची आहे. म्हणून वर्षाबरोबर जीर्णोद्धाराचं वर्ष ठाऊक असेल तर तेही द्यावं.

घराबाहेर, सोसायटीच्या हॉलमध्ये दाखवायचा तर ओटीटीचं वर्गणीचं खातं चालत नाही, ते घरगुती वापरासाठी असतं. भारतात चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनाच्या पुढल्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. १९५९ चा चित्रपट २०२० च्या सुरुवातीला मोकळा झाला, पण त्यातल्या गाण्यांचे हक्क गीतकार-संगीतकारांच्या आयुष्याशी बांधलेले असतात, तेव्हा ते वेगळे पाहावे लागतात. ज्याची ६० वर्षं अजून भरलेली नाहीत अशा चित्रपटाला हक्कधारकाची लेखी परवानगी हवी, तिकीट असो वा नसो.

शेवटी ‘कल्ट’ या शब्दाबद्दल. हल्ली जो गाजला तो कल्ट. प्रदर्शनाच्या वेळी बाजूला पडलेला आणि मग प्रेक्षकांनीच एकमेकांना दाखवत जगवलेला चित्रपट, हा त्याचा नेमका अर्थ. ‘कागज़ के फूल’ आपटला आणि दोन दशकांनी उठला. ‘जाने भी दो यारो’ (१९८३) टीव्ही आणि कॅसेटवर मोठा झाला. अमेरिकेतल्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ने (१९६८) तर नाव बदलताना स्वामित्वहक्काची ओळ गमावली, त्यामुळे तो कुणीही दाखवू शकला आणि त्यातूनच घराघरांत पोचला. ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) पहिल्यापासूनच यशस्वी होता, म्हणून काटेकोर अर्थाने तो यात बसत नाही. पण ज्या चित्रपटाचे संवाद तिसऱ्या पिढीतली पोरं पाठ म्हणतात त्याला बाहेर ठेवायची आमची छाती नाही.

पाच तपशिलांना जागा किती लागेल, असा प्रश्न आपण विचाराल. ही एक ओळ: ‘संत तुकाराम’, १९३६, मराठी, दामले-फत्तेलाल, १३१ मिनिटं, चौकट १.३७.

आपले,
जुने चित्रपट एकत्र पाहणारे काही मित्र,
पुणे