विमानतळासाठी ‘एअरपोर्ट रोड’ नव्हे, मरोळ नाका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मुंबईहून विमान पकडणारे खानदेशातले बरेच जण अजूनही कल्याणला उतरून टॅक्सी करतात आणि कोंडीत अडकतात. आरे ते कफ परेड ही विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलवरून (टी-१ आणि टी-२) जाणारी ३३.५ किलोमीटरची मेट्रो-३ ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली. तिची माहिती आपल्याकडे नीट पोहोचायला हवी.

कल्याण किंवा ठाण्याहून लोकलने घाटकोपर गाठावे. तिथे रेल्वेच्या पुलावरूनच मेट्रो-१ च्या स्थानकात जाता येते. वर्सोव्याकडची गाडी घ्यावी. जागृतीनगर, असल्फा, साकीनाका आणि मग मरोळ नाका. ही मार्गिका वर पुलावर आहे, मेट्रो-३ खाली भुयारात. म्हणून मरोळ नाक्याला एका गेटमधून बाहेर पडून दुसऱ्या स्थानकात शिरावे लागते आणि बॅगांची तपासणी पुन्हा होते. सामान जड असेल तर जिना टाळून लिफ्ट शोधावी, त्यासाठी पंधरा मिनिटे हाताशी ठेवावीत. खाली ‘कफ परेड’कडचा फलाट धरावा. पुढचेच स्थानक टी-२. आरेकडच्या गाडीत बसलात तर उलट दिशेला जाल. टी-१ साठी सहार रोड सोडून त्यापुढे उतरायचे. देशांतर्गत म्हणजे टी-१ असे धरून चालू नये, अनेक देशांतर्गत विमाने टी-२ वरूनही सुटतात. तिकिटावरचा टर्मिनल वाचावा.

नंदुरबारकडून पश्चिम रेल्वेने येणाऱ्यांनी अंधेरीहून घाटकोपरकडची मेट्रो-१ घ्यावी. फसगत होते ती इथेच. मरोळ नाक्याच्या आधी ‘एअरपोर्ट रोड’ लागते आणि नाव वाचून माणूस उतरतो. तिथे मेट्रो-३ नाही, टर्मिनलही दाराशी नाही. बॅगा ओढत रिक्षा शोधण्यात वेळ जातो. म्हातारी माणसे एकटी निघाली असतील तर घरच्यांनी हे आधीच बजावून ठेवावे.

सकाळी आठ ते अकरा कल्याणहून मोठ्या बॅगांसह लोकलमध्ये शिरण्याचा हट्ट धरू नये. गावाहून आलेली गाडीच सीएसएमटीला जाणारी असेल तर कल्याणला न उतरता शेवटपर्यंत जावे. तिथे मेट्रो-३ चे स्थानक आहे आणि आरेकडची गाडी न बदलता टी-२ ला नेते. वेळ थोडा जास्त, पण चढउतार एकदाच. दादरलाही मेट्रो-३ आहे, मात्र पश्चिमेला. मध्य रेल्वेच्या फलाटांवरून बरेच चालावे लागते.

तिकिटासाठी थोडी रोकड जवळ असावी. भुयारात मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही आणि ऐनवेळी पैसे अडकतात. मेट्रो-३ सकाळी सहाच्या सुमारास सुरू होऊन रात्री साडेदहाच्या सुमारास थांबते. रविवारची वेळ निघण्याआधी पाहावी. आखातातली बरीच विमाने मध्यरात्री किंवा पहाटे सुटतात. अशा वेळी रात्री नऊपर्यंतच टर्मिनल गाठावे, नाहीतर टॅक्सी ठरवून ठेवावी.

रेल्वेने भुसावळ, जळगाव, चाळीसगाव आणि नंदुरबारच्या फलाटांवर या मार्गाचा नकाशा मराठीत लावावा, त्यात ‘एअरपोर्ट रोडला उतरू नये’ ही सूचना ठळक अक्षरांत असावी.

– एक वाचक, भुसावळ