‘किवता’ विभागाकडून आभार

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद. नाव घालू नका असं तूच बजावलंस, म्हणून घालत नाही. आभार मात्र चारचौघांतच मानणार.

१४ ऑक्टोबर २०२५ ला आमच्या वाचनालयाच्या कॉम्प्युटरवरच्या विंडोज १० ची मुदत संपली. म्हणजे कॉम्प्युटर बंद पडत नाही, फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या यायच्या थांबतात, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. दुकानात विचारलं, तर “काका, भंगारात द्या” एवढंच उत्तर. आमच्या ‘ड’ वर्गातल्या वाचनालयाला नवा कॉम्प्युटर म्हणजे दोन वर्षांची पुस्तकखरेदी!

तू मात्र आल्या आल्या विचारलंस, “यावर तुम्ही करता काय?” देवघेव, दाखल नोंदवही, सभेची इतिवृत्तं, झालंच तर व्याख्यानमालेची पत्रकं. हे सगळं ऐकून घेतलंस आणि मग कॉम्प्युटरला हात लावलास.

बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुळातल्या सेटिंगमध्ये शिरून तू टीपीएम ही विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय चालू केलीस, तेव्हा मला वाटलं, जमलं. पण विंडोज ११ ला इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासूनचा लागतो आणि आमचा सहाव्या पिढीतला. “फसवून बसवता येतं, पण उद्या अपडेट अडलं की मलाच शोधत फिराल,” म्हणालीस. ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढ मिळते, तेही दाखवलंस. पण वर्षभराने पुन्हा हाच घोळ कोण घालणार?

मग तू पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकटची प्रणाली, चालवून दाखवलीस, डिस्कला धक्काही न लावता. प्रिंटरने मुकाट्याने कागद काढला, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. सगळ्या फायलींच्या दोन प्रती काढल्यास, जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी ही जलद डिस्क बसवलीस, ४ जीबीची रॅम ८ केलीस. पूर्वी कॉम्प्युटर चालू करून मी चहा टाकायला जायचो. आता चहा राहूनच जातो.

खरी कसोटी पुढेच होती. आमच्या २००९ पासूनच्या नोंदी जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या. त्यात मराठी अक्षरं इंग्रजीच्या जागांवर बसवलेली असतात, त्यामुळे फॉन्ट नसला की नुसती गिचमिड. तू त्या युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरला कळेल अशा अक्षरांच्या पद्धतीत आणल्यास खऱ्या, पण पहिल्या खेपेला ‘कविता’ची ‘किवता’ झाली आणि ‘धर्म’चा ‘धमर्’. जुन्या टंकनात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर दाबायचा. युनिकोडला उच्चाराचा क्रम लागतो. हे तू मला पाटीवर शिकवल्यासारखं समजावलंस. मी स्वतः बेचाळीस वर्षं पोरांना वेलांट्या शिकवल्या, पण ही भानगड मलाही नवीच.

तीन रविवार तू माझ्या शेजारी बसून रफार हलवलेस. परीक्षा तोंडावर असताना. पैशांचं विचारलं, तर म्हणालीस, “लहानपणी दंड माफ करायचात की.” मला तर आठवतही नाही.

माउस मात्र एकदाही माझ्या हातातून काढून घेतला नाहीस. घरची पोरंसुद्धा “द्या इकडे” म्हणतात.

तुझा,
वाचनालयातला काका

ता. क. कपाटावरची ‘किवता’ची चिठ्ठी अजून काढलेली नाही. आणि तुझी आजीव वर्गणी मी भरून टाकली आहे. पुस्तकं मात्र पंधरा दिवसांत परत करायची, आता दंड माफ नाही.