दुबचेक स्लोव्हाक होते

संपादक महोदय,
चेकोस्लोव्हाकियातील १९६८च्या ‘प्राग स्प्रिंग’ या सुधारणा-पर्वावरील लेख आवडला, मात्र त्यात या सुधारणांचे नेते, कम्युनिस्ट पक्षाचे प्रमुख अलेक्झांडर दुबचेक यांना ‘चेक नेते’ म्हटले आहे. ते स्लोव्हाक. १९२१ साली स्लोव्हाकियातल्या उह्रोवेत्स गावी ते जन्मले. गंमत म्हणजे, त्याच घरात १८१५ साली ल्युदोवीत श्तूर यांचाही जन्म झाला होता. मध्य स्लोव्हाकियातल्या बोलींच्या आधारे १८४३ मध्ये स्लोव्हाक प्रमाणभाषेची घडी बसवण्यात पुढाकार घेतला तो या श्तूर यांनी.

हा तपशील क्षुल्लक नाही. चेक आणि स्लोव्हाक यांना समान दर्जा देणारे संघराज्य ही स्लोव्हाकांची जुनी मागणी होती आणि १९६८च्या सुधारणांत तिचाही समावेश होता. सोव्हिएत रणगाड्यांनी बाकीच्या सुधारणा चिरडल्या, पण १ जानेवारी १९६९ पासून संघराज्य अस्तित्वात आले (कागदावरच का होईना!). दुबचेक यांची मात्र पक्षातून हकालपट्टी झाली आणि ते ब्रातिस्लाव्हात वनखात्यात नोकरी करू लागले. कम्युनिस्ट राजवट संपवणाऱ्या १९८९च्या क्रांतीनंतर ते संघराज्याच्या संसदेचे अध्यक्ष झाले. मोटार अपघातात जखमी होऊन ७ नोव्हेंबर १९९२ रोजी ते वारले. त्याच महिन्यात त्या संसदेने देशाच्या विभाजनाचा कायदा केला, तोही सार्वमत न घेता.

– एक वाचक, पुणे