दुसऱ्या फेरीची माणसं

विश्रामबाग, सांगली
इंजिनिअर्स डेनंतरचा रविवार

प्रिय बंड्या,

स.न.वि.वि.

फोनवर तुला 'नंतर बोलतो' म्हणालो, कारण स्लॅब चालू होता आणि हा विषय दोन मिनिटांत संपणारा नव्हता. म्हणून पत्रच लिहितोय. अक्षराला नावं ठेवू नकोस, कॉलेजात माझीच जर्नलं उतरवायचास.

साताऱ्याच्या इंजिनिअर्स असोसिएशनवाल्यांनी सेक्रेटरी व्हायची गळ घातलीय, होऊ का, असं तू विचारलंस. हो म्हण. पण त्यांनी तुला अर्धंच सांगितलं असणार. क्रिकेटच्या मॅचेस, स्टडी टूर, १५ सप्टेंबरचा कार्यक्रम. उरलेलं अर्धं मी सांगतो, मग काय ते ठरव.

आमच्याकडे परवाच इंजिनिअर्स डे झाला. विश्वेश्वरय्यांच्या फोटोला हार, चार शाली, सहा भाषणं. खडकवासल्याला १९०३ मध्ये या माणसाने पाणी वाढलं की आपोआप उघडणारे दरवाजे बसवले होते, त्यावर एकानेही अवाक्षर काढलं नाही. हॉलमध्ये निम्मे लोक धरणाच्या आणि पुराच्या पाण्याशी रोज झगडणारे, तरीही. असो. तू सेक्रेटरी झालास की तुमच्याकडे तरी शालींची संख्या कमी कर.

महिन्याच्या मीटिंगचं चित्र तुला माहीत आहेच. सिमेंट नाहीतर टीएमटी बारच्या (लोखंडी सळयांच्या) कंपनीचं प्रेझेंटेशन, मग जेवण. जेवण असलं की हॉल भरतो, नुसता चहा असला की पुढच्या दोन रांगा. पूर्वी मी यावर चिडायचो, आता चिडत नाही. खरी मीटिंग ताट हातात आल्यावरच सुरू होते, हे ध्यानात आलंय. 'तुझ्या कुपवाडच्या साईटला मुरूम कुठं लागला रे? माझ्याकडं नऊ फुटांवर आलो तरी काळीच माती आहे.' हा प्रश्न एक इंजिनिअर दुसऱ्याला विचारतो, आणि दुसरा खरं उत्तर देतो. दोघं एकाच गल्लीत कामं धरणारे, एकमेकांचे रेट कापणारे. तरी शेजारच्या प्लॉटचा खड्डा किती खोल गेला ते सांगून टाकतो. त्या एका उत्तराने कुणाच्या तरी घराचा पाया वाचतो. फीच्या पावतीवर हे कुठं दिसत नाही.

आता पुराचं सांगतो, कारण आमची असोसिएशन खरी ओळखू आली ती २०१९ च्या ऑगस्टमध्ये. आमच्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तुला भूगोल माहीत आहे: वरून कोयनेचा विसर्ग, आणि खाली हरिपूरला वारणा येऊन मिळते. तीच भरून वाहत असली की कृष्णेचं पाणी पुढं सरकत नाही, शहरात तुंबतं. ओसरायलाही दिवस लागतात. आणि घराचं वाटोळं होतं ते पाणी येताना कमी, भिंती दिवसेंदिवस पाण्यात उभ्या राहिल्याने जास्त.

पाणी उतरलं तेव्हा चिखल काढणारे पुष्कळ आले. कोल्हापूर, पुणे, कुठून कुठून पोरं आली. पण लोकांच्या तोंडी एकच प्रश्न होता, आत जाऊन राहू का? त्याचं उत्तर द्यायला आम्ही जोड्या केल्या, एक जुना इंजिनिअर आणि एक नवा पोरगा. गावभागात, म्हणजे सांगलीच्या जुन्या वस्तीत, मी ज्या पोराबरोबर फिरलो, त्याचं सगळं शिक्षण आरसीसीच्या, म्हणजे लोखंड घातलेल्या काँक्रीटच्या, फ्रेमवर झालेलं. मातीत बांधलेली विटांची भिंत त्याने अभ्यासात पाहिलेलीच नव्हती. एका वाड्यात त्याने स्क्रूड्रायव्हर सांध्यात घातला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. नुसता हाताच्या जोराने. विटा जागेवर, प्लास्टर जागेवर, आणि आतला मातीचा सांधा दह्यासारखा. मग ओळंबा (भिंत सरळ आहे का ते बघायची दोरीला बांधलेली वजनी) सोडला तर भिंत मधोमध दीड इंच बाहेर आलेली.

घरातली आजी पायरीवर बसलेली. तिने विचारलं, 'घर राहील का रं बाळा?' पोरगा म्हणाला, 'डिटेल इन्व्हेस्टिगेशन करावं लागेल.' आजी माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, 'आजी, ही मधली भिंत टेकू दिल्याशिवाय भरवशाची नाही. पुढच्या दोन खोल्यांत राहा, माजघरात झोपू नका.' एवढंच तिला हवं होतं.

त्या संध्याकाळी मीटिंगमध्ये वाद झाला. कागदावर लिहून द्यायचं की तोंडी सांगायचं? निम्मे म्हणाले, लिहून दिलं आणि उद्या भिंत पडली तर आपण गळ्यात अडकणार. बाकीचे म्हणाले, तोंडी सांगितलेलं रात्रीपर्यंत कोण लक्षात ठेवतो? दोन्ही बाजूंना दम होता. शेवटी अर्ध्या पानाचा फॉर्म ठरला. वर 'प्राथमिक पाहणी, स्ट्रक्चरल दाखला नव्हे' असं ठळक. खाली साध्या मराठीत तीनच पर्याय: राहा, टेकू देऊन राहा, राहू नका. मागच्या बाजूला सूचना. तळघरातलं पाणी एका दमात उपसू नका, बाहेरची जमीन अजून चिंब आहे, आतला आधार गेला की ती भिंतीला ढकलते. मेन स्विच वायरमनला दाखवल्याशिवाय वर करू नका. आणि ओल्या भिंतीवर लगेच सिमेंटचं प्लास्टर नको, आत ओल कोंडते आणि क्षार फुटून ते पुन्हा सुटतं. ही शेवटची सूचना सगळ्यांत जास्त मोडली गेली, कारण समोर गणपती होते आणि दिवाळीही लांब नव्हती.

आणखी एक नियम ज्येष्ठांनी घातला, आणि तुला तो पहिल्याच दिवशी घालायला सांगेन. ज्या घराची पाहणी फुकट केली, त्या घराच्या दुरुस्तीचं काम त्या मोसमात त्याच इंजिनिअरने घ्यायचं नाही. दुसऱ्याचं नाव सुचवायचं. आमच्यातल्या एकाने तो मोडला. पाहणीत 'राहू नका' लिहिलं आणि महिन्याभरात तिथंच पाडकामाचा बोर्ड याचा. कदाचित घर खरंच पाडायच्या लायकीचं असेल. पण त्या गल्लीत पुढं आमच्या फॉर्मला कुणी विचारीना. त्याला काढला नाही, अध्यक्षांनी समजावला. माझ्या मते काढायला हवा होता.

आता ज्यासाठी हे सगळं लिहितोय ते. पहिल्या फेरीला सगळे होते. टोप्या, जॅकेट, पेपरात फोटो. पण आपली नदीकाठची काळी माती तुला ठाऊक आहे. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पुराने पार खोलवर भिजलेली जमीन पुढच्या एप्रिल-मेमध्ये वाळते, आणि भिंतींना खऱ्या चिरा तेव्हा पडतात. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या. म्हणून संशयी तड्यांवर आम्ही काचेच्या पट्ट्या बसवल्या होत्या, दोन्ही टोकांना प्लास्टर ऑफ पॅरिसचा गोळा आणि बाजूला तारीख. तडा हलला की काच तडकते. पट्टी न तडकता राहिली तर चीर जुनी आहे, भरून टाका. तडकली तर जमीन अजून हलतेय. उपाय स्वस्त, पण कुणीतरी परत जाऊन बघायला हवं ना?

त्या दुसऱ्या फेरीच्या ठरलेल्या रविवारी बोटांवर मोजण्याइतकी माणसं. त्यातही ते प्लास्टर ऑफ पॅरिस कालवलेले पोरगेच जास्त, भाषणवाले कुणी नाहीत. त्यात २०२० च्या टाळेबंदीने उरलेली फेरीही पुढं ढकलली गेली. नंतर जमेल तसे गेलो, तर काही घरांत लोकांनी रंग देताना काचेवरूनच ब्रश फिरवलेला. तरी जितक्या पट्ट्या सापडल्या तितक्यांची नोंद केली. २०२१ ला पाणी पुन्हा ५० फुटांच्या वर गेलं, तेव्हा हीच वही घेऊन आम्ही थेट कमकुवत घरांकडे गेलो. गल्लोगल्ली शोधत बसावं लागलं नाही.

सेक्रेटरीचं काम म्हणजे ही दुसरी फेरी घडवून आणणं, बंड्या. पहिलीला माणसं आपोआप येतात.

गवंड्यांच्या वर्गाचंही तेच. आम्ही उत्साहाने पहिला वर्ग ठेवला आणि फारसं कुणी आलं नाही. हजेरी बुडवून कोण येणार? मग कॉन्ट्रॅक्टरांना गाठून त्या दिवसाचा रोज त्यांच्या गळ्यात मारला, तेव्हा माणसं आली. त्यांच्यापुढं व्याख्यान दिलं नाही. दोन घमेली काँक्रीट शेजारी शेजारी केलं. एकात सिमेंटच्या ५० किलोच्या पोत्याला २५ लिटरच्या हिशोबाने पाणी, दुसऱ्यात साईटवर मारतात तसं, पाईपने. दोन्हींचे १५ सेंटीमीटरचे क्यूब भरले आणि २८ दिवसांनी त्याच माणसांना क्यूब दाबून फोडायच्या प्रेसवर बोलावलं. पाईपवाला क्यूब आधी फुटला तेव्हा एक म्हातारा मिस्त्री दुसऱ्याला कोपराने ढोसून म्हणाला, 'बघितलंस, मी सांगत नव्हतो?' बरं, साईटवर तोच सगळ्यांत पातळ माल मागायचा.

तुमच्याकडे हे वर्ग जास्त गरजेचे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपाने काय केलं ते पाटण भागातल्या म्हाताऱ्यांना विचार. दगड-मातीच्या भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या. आज तिथं कॉलम उभे राहतात, पण सळयांना बांधून ठेवणाऱ्या रिंगचं टोक नुसतं काटकोनात वाकवून सोडतात. ते १३५ अंशांत आत वळवायला लोखंडवाल्याला हाताने दाखवावं लागतं, ड्रॉइंगवर लिहून भागत नाही. २०२१ मध्ये आंबेघर आणि मिरगावला डोंगर खाली आले, तेव्हा तुझ्या जिल्ह्यात उतारावरची घरं बघणारी वहीसुद्धा हवी, हे तुला मी सांगायला नको.

शेवटी, आमचं सगळ्यांत कमी गाजलेलं आणि मला सगळ्यांत आवडणारं काम. शनिवारी संध्याकाळी ऑफिसात दोघं बसतात. प्लॉट घेण्याआधी कुणीही यावं, विचारावं. एकदा एसटीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ सातबाऱ्याची झेरॉक्स घेऊन आले. दीड गुंठा, स्वस्त, फंडाचे पैसे तयार. आमच्यातला एकजण त्यांना स्कूटरवर बसवून प्लॉटवर घेऊन गेला आणि शेजारच्या भिंतीवरची पुराची खूण दाखवली. त्यांच्या डोक्याच्या वर होती. निळी पूररेषा, तिच्याही बाहेरची मोठ्या पुराची लाल पूररेषा, जोतं लाल रेषेच्या वर घ्यायला लागेल, भराव किती, खर्च किती, हे सगळं तिथंच उभ्या उभ्या सांगितलं. त्यांनी व्यवहार सोडला. आमच्या माणसाचं एक घराचं काम गेलं, आणि एजंट अजून त्याच्याशी बोलत नाही.

तर हो म्हण. फॉर्मचा नमुना आणि गवंडी वर्गाचा खर्च सोबत जोडलाय, हवा तसा बदल. पुढच्या महिन्यात तुझ्या दोन-तीन पोरांना घेऊन इकडे ये, शनिवारच्या टेबलावर बसव. वहिनींना नमस्कार, आईंना सांग गुडघ्याचं ऑपरेशन आता लांबवू नका. येताना कंदी पेढे आण, पण मागच्यासारखे रस्त्यात अर्धे संपवून नको.

तुझा,
पम्या

ता.क. कार्यकारिणी बदलली की धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट (बदलाची नोंद) ९० दिवसांत भरायचा असतो. मागच्या कमिटीने भरलाय का ते चार्ज घेण्याआधी बघ, नाहीतर पहिलं वर्ष तिथल्याच खेपांत जाईल.