पक्यास पत्र, जुवारीच्या खाडीतून

प्रिय पक्या,

दिवाळीला आलो नाही म्हणून दोन दिवस फोन उचलला नाहीस, म्हणून आता लिहितोच. वहिनींना सांग, चकल्या पोचल्या आणि बोटीवर अर्ध्या तासात डबा रिकामा, मला दोन मिळाल्या.

आणि आईला तू काय सांगितलंस रे, मी समुद्राचे फोटो काढतो म्हणून? अरे, आम्ही गोव्यातल्या जुवारी नदीच्या खाडीच्या तळाचा नकाशा करतोय, आणि इथल्या पाण्यात कोपरापर्यंत हात घातला तर स्वतःची बोटं दिसत नाहीत, फोटो कसला काढतोस! इथे सगळं आवाजावर चालतं. बोटीखाली मल्टिबीम लावलंय, ते पंख्यासारखा आवाज खाली सोडतं आणि तो परत यायला किती वेळ लागला त्यावरून खोली निघते. खोल समुद्रात एका फेरीत भलामोठा पट्टा होतो, पण इथे ठिकठिकाणी पाणी 5 मीटर, म्हणजे पट्टा जेमतेम 15-20 मीटरचा, आणि दोनापावला ते मुरगाव खाडीचं तोंड 5 किलोमीटर रुंद. तूच कर हिशेब. शेत नांगरल्यासारखं दिवसभर जायचं आणि यायचं, बोट चालवणारा तांडेल तर आता झोपेतपण सरळ रेषेत चालत असेल.

दिवाळी का हुकली तेपण सांगतो, चूक माझीच. गोड्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण 1500 मीटर जातो, खाऱ्यात त्याहून 30-40 मीटर जास्त. आता पावसाळा नुकताच सरलेला, वरून नदीचं गोडं पाणी आणि भरती चढली की खालून खारं आत घुसतं, आणि वेग चुकला की खोलीही चुकते, म्हणून दर थोड्या वेळाने प्रोब टाकून वेग नव्याने मोजायचा असतो. मी सकाळी एकदा टाकला आणि दुपारी कंटाळा केला. संध्याकाळी बघतो तर सपाट चिखल स्क्रीनवर दोन्ही कडांनी वर वळलेला, परातीसारखा! याला आमच्यात 'स्माईल' म्हणतात, साहेबांच्या तोंडावर मात्र काही स्माईल नव्हती. काही लाइनी, म्हणजे बोटीच्या फेऱ्या, सॉफ्टवेअरमध्ये सुधारल्या, बाकीच्या सगळ्या परत मारल्या, त्यातच लक्ष्मीपूजन गेलं.

पण खोली हा सोपा भाग रे. तळाला काय आहे ते ठरवणं हीच खरी कटकट. खडप आवाज जोरात परत फेकतो, मऊ चिखल गिळून टाकतो, म्हणजे नकाशात उजळ ते कडक आणि काळं ते मऊ असं आपण धरून चालतो. चिखलीजवळ (नावातच चिखल, बघ) काळ्याभोर तळात एक उजळ ठिपका आला आणि मी छाती फुगवून 'खडप' लिहून टाकलं, कारण दोनापावल्याला ग्रेवॅकचे, म्हणजे एका कडक वालुकाश्माचे, खडक आहेत, वर जांभा आहे, तर त्याचंच एखादं टोक इथे निघालं असेल. मग ग्रॅब, म्हणजे तळातला नमुना उचलणारा पंजा, टाकला. वर आले मूठभर चिखलात चपटे, पातळ शिंपले, उजेडाला धरले तर दुधी काचेसारखे! गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी बसवायचे ना, तेच. म्हणजे माझा खडप निघाला शिंपल्यांचा ढीग. त्या दिवसापासून नमुना हातात आल्याशिवाय नकाशात रंग भरत नाही.

त्याहून भारी गोष्ट चिखलाच्या खाली आहे. खालच्या पट्टीतल्या आवाजाचं दुसरं एक यंत्र आहे, त्याचा आवाज चिखलात शिरतो आणि आतले थर दाखवतो. 20 हजार वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा 120 मीटरच्या आसपास खाली होता, किनारा पार पश्चिमेला, आणि जुवारी तिकडे खडक कापत जायची. पाणी वर आलं, ती दरी चिखलाने भरली. स्क्रीनवर सपाट तळाच्या खाली ती जुनी नदी दिसली ना, तेव्हा मी हातातला चहा तसाच धरून बसलो, एक काठ उतरत गेलेला, आत थरावर थर... आणि दुसरा काठ येणार तेवढ्यात काळा पडदा. गॅस! चिखलात गाडलेला पालापाचोळा कुजून मिथेन होतो, त्याचे बुडबुडे आवाज पुढे जाऊच देत नाहीत. गोव्याच्या किनाऱ्यालगत असा गॅस आहे हे आधीपासून माहीत आहे, पण नेमका तिथेच यायचा होता का? साहेब म्हणाले, दोन्हीकडच्या लाइनी बघून काठ जोडून टाक. जोडला, पण तुटक रेघेने, म्हणजे हा अंदाज आहे हे दिसावं. त्यावरून वाद झाला, मी रेघ बदलली नाही.

त्रिपुरी पौर्णिमेला उधाण आहे, तेव्हा कडेच्या उथळ भागात बोट घालता येईल, ते झालं की चार दिवस येतो. तुझ्या पोरासाठी एक शिंपला आणणार होतो, पण ते वन्यजीव कायद्यात संरक्षित निघाले, म्हणून फोटो काढून परत पाण्यात सोडला. आईला दाखव, एवढा एक फोटो मी खरंच काढलाय.

तुझाच,
बाळ्या