तुम्ही जा

पुणे, रविवार, १७ डिसेंबर २०२३

प्रिय दिग्या,

दिवाळीत तुझा फोन आला तेव्हा ‘सावकाश करतो’ म्हणालो होतो. ते सावकाश आज उजाडलं. शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढं वाच. माझी शुगर होती तिथंच आहे, सुनीता ठणठणीत आहे, आईचा हात मोडलाय.

घाबरू नकोस, तीन आठवडे झाले. कळवलं असतं तर तू रात्रीच्या गाडीत बसला असतास, आणि आईनं प्लास्टरमधल्या हातानं तुझ्यासाठी साटोऱ्या लाटायला घेतल्या असत्या. त्रिपुरी पौर्णिमेला जिन्यात पणत्या लावत होती. आमचा जिना तुला वेगळा सांगायला नको. एका पणतीचं तेल पायरीवर ओघळलं आणि उतरताना नेमकी त्यावरच चप्पल पडली. पडताना माणूस हात टेकतो, तसा तिनं उजवा टेकला. मनगट काट्याचमच्यातल्या काट्यासारखं वाकलं होतं. डॉक्टर म्हणाले, या वयात हाडं ठिसूळ होतात, हातावर पडलं की इथंच मोडतं, अगदी पुस्तकात असतं तसं आहे. त्यांना बिचाऱ्यांना बरं वाटलेलं दिसलं.

सूज वाढायच्या आत पाटल्या काढा म्हणाले. एक साबण लावून निघाली, दुसरी काही केल्या निघेना, शेवटी वॉर्डबॉयनं कटर आणला. हाड बसवताना हूं की चूं न केलेली बाई पाटली कापताना मात्र मान फिरवून भिंतीकडं बघत बसली. ती कापलेली पाटली एक्स-रेच्या पावतीत गुंडाळून अजून तिच्या उशाशी आहे. सोनाराकडं नेतो म्हटलं, तर म्हणाली, “घाई काय आहे?”

पण पत्र हातासाठी नाही. पुढच्या शनिवारी आम्ही हंपीला निघणार आहोत. की होतो? तेच ठरत नाहीये.

ऑगस्टात आरक्षण उघडलं त्या सकाळी आठच्या ठोक्याला मी आणि ईशा दोन मोबाइल घेऊन बसलो होतो. हुबळीपर्यंत गाडी, पुढं जीप. सुनीताच्या बँकेतून रजा मिळाली ती एवढ्याच दिवसांची. आणि हे सगळं आईसाठी, बरं का. तिला रथ बघायचाय, नव्या पन्नासाच्या नोटेवरचा. खरं तर रथही नाही. विजयनगरच्या राजानं आपला विठोबा तिकडं नेला होता आणि एकनाथांच्या पणजोबांनी, भानुदासांनी, तो परत आणला, ती गोष्ट तिनं तुलाही शंभरदा ऐकवली असेल. विठ्ठल मंदिराचा तो रिकामा गाभारा बघायचाय तिला. बाबा ‘रिटायर झाल्यावर’ म्हणत राहिले. पुढचं तुला माहीत आहे.

सल्ल्यांना तोटा नाही. ताईचा रोज चिंचवडहून फोन, रद्द कर म्हणून. समोरच्या काकू म्हणाल्या, “हंपीत दगडच ना? ते काय पुढच्या वर्षी पळून जाणार आहेत?” आई आतून म्हणाली, “दगड राहतील हो, माझी खात्री नाही.” काकू चहा न घेता गेल्या. काकू चहा न घेता गेल्या याची आमच्या बिल्डिंगमध्ये नोंद व्हायला हवी.

डॉक्टरांकडं मोठ्या आशेनं गेलो. दोन आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढला, हाड जागेवरून हललेलं नाही. प्लास्टर एकूण सहा आठवडे, म्हणजे जानेवारी उजाडणार. प्रवासाचं विचारलं तर म्हणाले, “हात झोळीत, झोपताना उशीवर, बोटं हलवत राहायची. बाकी जायला हरकत नाही. फक्त पुन्हा पडायचं नाही.” फक्त! गाडीतल्या त्या हलत्या संडासात एका हातानं? तिथल्या उंचसखल पायऱ्यांवर? विठ्ठल मंदिरापर्यंत बॅटरीची गाडी जाते म्हणे, पण उतरल्यावर पाय आपलेच. तुला म्हणून सांगतो, त्यांनी ‘अजिबात नको’ म्हणावं म्हणून मी मनातल्या मनात त्यांच्या हातापाया पडत होतो. वाईटपणा त्यांच्या नावावर गेला असता.

पैशांचं म्हणशील तर तेही रात्री दोनला उठून मोजून झालंय. जाऊन-येऊन आठ तिकिटं, थर्ड एसी. ४८ तास आधी रद्द केलं तर तिकिटामागं १८० रुपये आणि वर जीएसटी. नंतर पाव पैसे जातात, बारा तास उरले की निम्मे. राहायच्या ठिकाणी दिलेला अॅडव्हान्स बुडालाच. आईच्या मोडक्या हाताशेजारी बसून मी १८० गुणिले आठ करत होतो. हस आता.

आणि आई काय म्हणते? “तुम्ही जा.” एवढंच. “मी चार दिवस ताईकडं राहते. पोरीची सुट्टी का वाया घालवता?” आवाज अगदी सरळ, दूधवाल्याला ‘उद्या अर्धा लिटर’ सांगावं तसा.

आता कळलं, तुलाच का लिहितोय?

डिसेंबर ९३. मार्गासनीला एसटीतून उतरून चालत निघालो आणि गुंजवणं यायच्या आधी माझा पाय मुरगळला. देवळात पाय पसरून मी तुम्हाला म्हणालो, “तुम्ही जा.” आणि साल्या, तू सॅक उचललीस. शिऱ्या निदान दोन मिनिटं घुटमळला. तुम्ही राजगडावर चांदणं बघितलंत आणि मी एका म्हातारीच्या ओसरीवर घोट्याला हळदीचा लेप लावून बसलो. पिठलं मात्र तसं पुन्हा कुठं खाल्लं नाही. तीस वर्षं मी म्हणतोय, तू मला टाकून गेलास. तीस वर्षं तू म्हणतोयस, तूच जा म्हणालास. शिऱ्याच्या लग्नातसुद्धा आपण यावर पंगतीत भांडलोय.

तर आज कबूल करतो. ‘तुम्ही जा’ म्हणताना मला वाटत होतं, एकानं तरी ‘छे, तुला सोडून कसं’ म्हणावं. पण तुम्ही खरंच थांबला असतात, सगळे त्या देवळात तोंडं पाडून बसला असतात, तर मला तो घोटा उपटून फेकावासा वाटला असता. दोन्ही खरं. मग आईचं यातलं कुठलं?

त्यात परवा ईशानं आणखी एक बातमी आणली. आजीला डाव्या हातानं निऱ्या घालता येत नाहीत. घरात गाऊन चालतो, दवाखान्यात वर शाल घेते. पण चार दिवस, चारचौघांत, सुनेकडून रोज साडी नेसवून घ्यायची, आणि गाडीत मध्यरात्री उठायचं झालं तर सुनेलाच उठवायचं, हे तिच्या जिवावर आलंय. ईशा म्हणाली, “आजी, ड्रेस घाल माझा. नाहीतरी गाभाऱ्यात विठ्ठल नाहीच आहे ना?” तर म्हणे, “नसेना का. घर त्याचंच आहे.” सुनीताला हे सांगितलं तर ती माझ्यावरच उखडली. “मला काय जड आहे? त्यांना विचारलंस का?” विचारलं. उत्तर काय आलं असेल, सांग.

तिला ताईकडं सोडून आम्ही जायचं, ही कल्पना मला सोसत नाही. तिला घेऊन जायचं तर भीती वाटते. सगळ्यांनीच घरी बसायचं तर ती रोज सकाळी ईशाकडं बघून म्हणणार, “माझ्यामुळं पोरीची सुट्टी गेली.” यातलं शेवटचं सगळ्यात सोपं आहे, आणि म्हणूनच मला त्याचा संशय येतोय.

बरं, तुझं काय? बदलीचं झालं का नक्की? वहिनींच्या दाढेचं काय? निखिलला कोटा मानवलं का? संत्र्यांची पेटी पोचली, तळाची चार नासली होती, तरी आभार.

गाडी शनिवारी रात्रीची आहे, म्हणजे गुरुवारी रात्रीपर्यंत मला बटण दाबायचंय किंवा नाही दाबायचंय. त्याआधी फोन कर. सल्ला नकोय, तो ताईकडं भरपूर आहे. फक्त एक सांग. गुंजवण्यातून निघताना पहिल्या वळणावर तू एकदा मागं वळून बघितलं होतंस. मी ते पाहिलं होतं, आजवर बोललो नाही. तेव्हा तुला काय वाटलं होतं? मी खरंच जा म्हणतोय, की थांब म्हणतोय?

तुझा,
अव्या

ता.क. पोळ्यांचा डबाही तूच नेला होतास. त्याचं उत्तर वेगळं दे.