तुझ्या त्या 'म्हणून'वर माझी गाडी अडलीये

प्रिय विन्या,

तुझा तो लांबलचक मेल आला त्या दिवशीच दोनदा वाचला, मग काल झोप येईना म्हणून तिसऱ्यांदा. उशिराबद्दल शिव्या घालू नकोस, चार ओळीत उरकण्यासारखं नव्हतंच ते. तू म्हणतोस की ख्रिस्ती धर्म खरा आहे हे आता तुला नुसतं वाटत नाही, लॉजिकनेच पटलंय, आणि त्यात कुठे भोक दिसलं तर सांग. आता तूच मागितलंयस, तर घे.

तुझा पहिला मुद्दा, जे सुरू होतं त्याला कारण असतं, विश्व सुरू झालं, म्हणजे विश्वालाही कारण आहे. हे मला अजिबात फालतू वाटत नाही. लोक लगेच विचारतात मग देवाला कोणी बनवलं आणि जिंकल्यासारखे हसतात, पण म्हणणं 'प्रत्येक गोष्टीला कारण असतं' असं नाहीचे ना, 'जे सुरू होतं त्याला' असं आहे. विश्व खरंच 'सुरू झालं' का यावर भांडता येईल, ते सोड. पण गंमत बघ, हीच मांडणी अकराव्या शतकात अल गझाली नावाच्या धर्मपंडिताने केली होती आणि तो तर पक्का मुसलमान. मध्ययुगातल्या ख्रिस्ती धर्मपंडिताचं, थॉमस अक्वायनसचं घे, देव सिद्ध करायच्या त्याच्या पाच मार्गांतल्या पहिल्याच मार्गाचं मूळ अ‍ॅरिस्टॉटलमध्ये सापडतं, आणि तो येशूच्या आधी तीनशे वर्षं मेलेला. म्हणजे हे सगळं मान्य केलं तरी तू पोचलास कुठे, तर एका आद्य कारणापाशी. तिथून नासरेथच्या सुतारापर्यंत, म्हणजे येशूपर्यंत, यायचा रस्ता कुठाय? तुझ्या मेलमध्ये तिथे फक्त 'म्हणून' लिहिलंय. त्या एका शब्दावर माझी गाडी अडलीये बघ.

तो अकराव्या शतकातला मठवासी आन्सेल्म, देव आहे हे नुसत्या कल्पनेवरून सिद्ध करणारा, त्याचं तर मला कधीच पटलं नाही. ज्याच्याहून मोठं काही कल्पिता येत नाही ते नुसतं मनात असून कसं चालेल, ते असलंच पाहिजे, वगैरे. तेव्हाच गौनिलोने त्याला विचारलं की बाबा मग मी सगळ्यात भारी बेटाची कल्पना केली तर ते बेटही समुद्रात असलंच पाहिजे का? हा गौनिलो नास्तिक नव्हता हां, तोही मठातलाच साधू. आणि आन्सेल्मने काय केलं, तर गौनिलोचा आक्षेप आणि आपलं उत्तर दोन्ही पुस्तकाला जोडूनच प्रती काढा म्हणाला. आर्ग्युमेंट राहू दे, माणूस आवडला मला.

तर तो 'म्हणून'. लेसिंग या जर्मन लेखकाने 1777 मध्ये हेच दुखणं मांडलेलं, की इतिहासात घडलेल्या एखाद्या गोष्टीवरून बुद्धीचं कायमचं सत्य सिद्ध होत नाही, मध्ये एक ओंगळ रुंद खंदक आहे आणि कितीदा उडी मारून पाहिली तरी आपल्याला तो ओलांडता येत नाही. मला वाटतं खरा प्रश्न तिथेच आहे आणि तुझ्या मेलमध्ये त्यावर एक ओळ नाही.

मग मी परत पौल काढून वाचला, ख्रिस्ती धर्माचा तो सुरुवातीचा प्रचारक. करिंथकरांना लिहिलेलं पहिलं पत्र, पंधरावा अध्याय, वधस्तंभानंतर साधारण वीस-पंचवीस वर्षांनी लिहिलेला. तो सरळ म्हणतो की ख्रिस्त मेलेल्यांतून उठला नसेल तर तुमचा विश्वास फुकट आहे. कसली हिंमत आहे ही! आपलं म्हणणं कुठे मोडतं ते स्वतःच बोट ठेवून दाखवतोय. मग साक्षीदारांची यादी देतो, केफा म्हणजे पेत्र, ते बारा शिष्य, पाचशेवर लोक, येशूचा भाऊ याकोब, शेवटी तो स्वतः.

आणि त्या यादीत बायका नाहीत! बायबलातल्या येशूच्या चारही चरित्रांत, म्हणजे शुभवर्तमानांत, त्याच्या कबरीपाशी पहिल्यांदा बायकाच जातात, पण पौलाच्या यादीत एकही नाही. तो योसेफस, त्याच शतकातला ज्यू इतिहासकार, लिहून गेलाय की बायकांची साक्ष धरू नये. म्हणजे कोणाला गोष्ट रचायचीच असती तर त्याने त्यांना पुढे का केलं असतं? ह्या मुद्द्यावर मी खरंच दोन दिवस अडकलो. मग डोक्यात आलं की प्रेताला सुगंधी लेप लावायला बायकाच जाणार, त्यामुळे गोष्टीत त्या आपोआप आल्या असतील. मग परत पहिल्या मतावर. आणि चमत्कारांवर शंका घेणारा तो तत्त्वज्ञ ह्यूम मानगुटीवर आहेच, की मेलेला माणूस उठला हे मानणं सोपं की सांगणाऱ्यांची काहीतरी गफलत झाली हे? ऑक्सफर्डच्या रिचर्ड स्विनबर्न या तत्त्वज्ञाने 2003 मध्ये येशू खरंच उठला असण्याचं चक्क प्रोबॅबिलिटीचं गणित मांडलंय आणि उत्तर काढलंय साधारण 97 टक्के. पण आत घातलेले आकडे त्यानेच अंदाजाने धरलेले, मी वेगळे धरले तर माझं उत्तर वेगळं येईल.

आता रागावू नकोस पण एक विचारतो. तुझे बाबा गेले तेव्हा तू बायबल उघडलंस, हे सगळं लॉजिक त्यानंतर सहा महिन्यांनी आलं, मला तारखा माहितीयेत कारण तेव्हा आपण रोज बोलत होतो. पास्कल आठवतो का, पैजवाला? देव आहे यावर पैज लाव, जिंकलास तर सगळं मिळेल, हरलास तर फारसं काही जात नाही, असं म्हणणारा. एवढा गणिती माणूस, पण मेल्यावर त्याच्या कोटाच्या अस्तरात शिवलेला एक कागद नोकराला सापडला. 23 नोव्हेंबर 1654, रात्री साडेदहा ते साडेबाराच्या सुमारास, आणि खाली एक शब्द, अग्नी. मग लिहिलंय की अब्राहाम, इसहाक, याकोबाचा देव, तत्त्वज्ञांचा आणि पंडितांचा नव्हे. पैज त्याने बाकीच्यांसाठी मांडली आणि हा कागद मात्र आठ वर्षं कोणाला न सांगता अंगावर वागवला.

तू मला पैज पाठवलीयेस असं वाटतंय रे. कागद असेल तर तो पाठव, मी त्यात भोकं शोधणार नाही, प्रॉमिस. लॉजिकवर नंतर निवांत भांडू, पौलावर तर भांडायचंच आहे.

तुझाच,
पक्या

ता.क. गौनिलोचं बेट मी तुझ्यावर आधी एकदा वापरलंय का? वापरलं असेल तर सॉरी, वय झालं.